रिमपट्टीखालचा आकडा

तामलवाडीत माझी पिठाची गिरणी आहे. चौदा वर्षं झाली, गावातल्या निम्म्या भाकरी माझ्या हाताखालच्या पिठाच्या होतात आणि माझ्या काट्याकडं आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही. डबा ठेवला, आकडा वाचला, विषय संपला. कुठल्या व्यापाऱ्याशी हुज्जत पडली की लोक पोतं उचलून आणतात आणि म्हणतात, "सोनालीच्या काट्यावर टाका." हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही. पुढं मी काय केलं ते कळल्यावर त्यातली गंमत तुम्हाला कळावी, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी माझं वजन खोटं सांगितलं. आणि तेही सायकलचं चाक बांधणाऱ्या माणसाला.

तीन वर्षांपूर्वी मला आतड्यांचा टीबी झाला होता. नऊ महिने मूठमूठ गोळ्या. अंगणातून फाटकापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागायची. माझी आई, धुरपदाबाई, माझ्या माहेरगावाहून, ईटहून आली आणि माझ्या उशाशी बसली ती मी बरी होईपर्यंत हलली नाही. तेव्हा तिनं देवीला नवस बोलला होता. लेक बरी झाली आणि स्वतःच्या पायावर तुळजापूरला आली, की तिला गुळानं तोलीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या वजनाचा गूळ, आणि मग तो गूळ सगळ्यांना वाटायचा.

मी बरी झाले. नुसती नाही, चांगली दणकून बरी झाले. भूक परत आली ती सगळ्या महिन्यांचा वचपा काढतच. जो भेटेल तो म्हणायचा, "खा, आजारातनं उठलीस," आणि मी कुणाचं मन मोडलं नाही. मग एका सकाळी गिरणीचं शटर खाली ओढून मी काट्यावर उभी राहिले. चौऱ्याऐंशी. उतरले, काटा शून्यावर आणला, चप्पल काढून पुन्हा चढले. चौऱ्याऐंशी. माझा काटा चुकत नाही, हीच तर अडचण होती.

तेव्हापासून मी नवस पुढं ढकलत होते. आधी म्हणाले ऊन फार आहे, मग म्हणाले पेरण्या होऊ देत, मग गुडघ्याचं निमित्त केलं. आई दर पौर्णिमेला फोन करायची. चार माणसांत पारड्यात बसायचं आणि वर कुणीतरी मोठ्यानं ढेपा मोजणार, या विचारानंच मी नवं निमित्त शोधायची.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. माझी मुलगी हर्षाली पुण्यात नोकरी करते, तिला सायकलचं वेड आहे. तिनं मैत्रिणीची जुनी ग्रॅव्हल बाइक माझ्यासाठी घेतली.

"ग्रॅव्हल म्हंजी गं काय?" मी फोनवर विचारलं.

"खडी, मुरूम. तसल्या रस्त्यावर चालणारी सायकल, मम्मी."

"मग सरळ मुरमाची सायकल म्हण की."

सायकल दिसायला देखणी होती. शेवाळी रंग, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. पण टेंपोतून येताना तिच्यावर कुणाचं तरी कपाट पडलं होतं आणि दोन्ही चाकांचा पार पापड झाला होता. हर्षाली म्हणाली, "चाकं नवीन घे, पण नीट निवड. सायकल म्हणजे चाकंच असतात, बाकीचं नुसतं बसायला." म्हणून मी बिराप्पा मामांकडं गेले.

बिराप्पा मामांचं दुकान सोलापूर रस्त्यावर फाट्याला आहे. चाळीस वर्षांपूर्वी ते अक्कलकोटकडून इथं आले. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चाक हट्टानं ऐकेनासं झालं की परत कानडी. दिवसभर मोटरसायकलींचे पंक्चर काढतात, पण त्यांचं नाव झालं ते हातानं बांधलेल्या चाकांमुळं. रविवारी सकाळी सोलापुरातले डॉक्टर, वकील तंग कपडे घालून सायकलीवर येतात आणि त्यांच्या दुकानापुढं रांगेत उभे राहतात.

मामांनी तीन चाकं खिळ्याला अडकवून दाखवली. पहिलं कंपनीतून तयार आलेलं, चोवीस चपट्या तारांचं. "ह्ये डांबरावर लई पळतंय. मुरमावर नेलं की रडतंय," असं म्हणून त्यांनी ते बाजूला केलं. दुसरं त्यांनी स्वतः बांधलेलं, अठ्ठावीस बारीक तारांचं. एका बोटावर उचललं जात होतं, उन्हात तारा चमकत होत्या. तिसरं छत्तीस जाड तारांचं. मजबूत होतं, पण दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलीची आठवण करून देणारं. माझा जीव दुसऱ्यावर जडला. खरं सांगायचं तर मला वाटलं, अशा नाजूक चाकांच्या सायकलीवर मीसुद्धा थोडी नाजूक दिसेन.

"ह्येच द्या," मी म्हणाले.

"अक्का, चाक डोळ्यानं निवडायचं नसतंय," मामा म्हणाले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण गिऱ्हाईक बाईला अक्काच म्हणतात. "तीन गोष्टी सांगा. रस्ता कुठला?"

"पाणंदीचा, मुरमाचा. आणि एकदा तुळजापूरचा घाट चढायचाय."

"वझं काय नेणार?"

"पाण्याची बाटली. लई झालं तर जेवणाचा डबा."

"आन् तुमचं वजन?"

दुकानाच्या बाकावर तीन माणसं चहा पीत बसली होती. तिघंही माझी गिऱ्हाइकं. तिघांचेही कप हवेत थांबले, निदान मला तसं वाटलं.

"सहासष्ट," मी म्हणाले.

"तुमच्याच काट्यावर?"

"मग काय दुसऱ्याच्या!"

"मग प्रश्नच न्हाय. सत्तरपातुर अठ्ठावीस तारा बास हायत."

दोन दिवस त्यांनी ती चाकं बांधली. मी गिरणीतून मधूनच जाऊन बघायची. जुन्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा करून त्यांनी एक स्टँड केला होता, त्यात चाक फिरवायचे आणि एकेक तार बोटानं छेडून कान लावायचे. सगळ्या तारा एका सुरात वाजल्या की चाक झालं. मग रिमच्या आतल्या अंगाला त्यांनी पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आणि त्यावर रिमपट्टी चढवली. तारांची टोकं ट्यूबला बोचू नयेत म्हणून आतून जी पट्टी बसवतात, ती.

"काय लिवलं, मामा?"

"तुमचं नाव, तारीख, वजन. परत्येक चाकात लिवतो. उद्या चाक उघडलं तर कुणासाठी बांधलं व्हतं ते कळाया पायजे."

म्हणजे माझं खोटं आता पट्टीखाली जपून ठेवलेलं होतं.

पहिले दहा-बारा दिवस मी अशी हिंडले की विचारू नका. हुरड्याचे दिवस होते. पहाटेची थंडी, दोन्ही बाजूंना ज्वारी, मुरमावर टायरचा खरखर आवाज. ज्या बाईला फाटकापर्यंत जायला भिंत लागायची ती तासाभरात तीन शिवारं पालथी घालून येत होती. आमचे हे, रणधीर, द्राक्षबागेत फवारणी करत असले की मी घंटी वाजवत जायची आणि ते मान वर करून बघेपर्यंत पुढं निघून गेलेली असायची. मी इतकी खूश होते की गिरणीत गाणी म्हणायला लागले. गिरणीच्या आवाजात ती कुणाला ऐकू येत नव्हती, हे गिऱ्हाइकांचं नशीब.

बाराव्या दिवशी मागच्या चाकातून आवाज आला. टिंग.

एक तार तुटली होती. मामांनी ती हातात घेऊन उन्हात धरून बघितली. "एखादी कच्ची निघतीय," म्हणाले आणि दुसरी टाकली. पाच दिवसांनी आणखी दोन गेल्या. आता मात्र त्यांनी मागचं चाक पूर्ण खोललं, तारांचा नवा बॉक्स फोडला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधलं. हाताची मजुरी घ्यायला तयार होईनात. "माझं काम हाय, मीच निस्तरणार," म्हणाले. मी मान खाली घालून घरी आले आणि त्या दिवसापासून एकच भाकरी खायला लागले. आठवड्यात तीनशे ग्रॅम उतरले आणि माझा पारा असा चढला की हे जेवायचा डबा बागेतच मागवायला लागले.

आठवड्यानं परत टिंग.

यावेळी मी ठरवून गेले होते की सांगून टाकायचं. मामा चाक मांडीवर घेऊन बसले होते. चष्मा काढून पुसत होते, घालत होते, परत काढत होते.

"मामा," मी म्हणाले, "कदाचित वजनात थोडा फरक आसंल."

"कुणाच्या?"

"माझ्या. म्हंजी… काट्यात."

मामा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले असतील. "तुमच्या काट्यात फरक? अक्का, अख्खा तालुका चुकंल, तुमचा काटा चुकायचा न्हाय. म्हणून तर म्या दुसऱ्यांदा इचारलं न्हाय. माझं मन राखाया सांगताय, कळतंय मला."

खरं सांगितलं तर मी खोटी, आणि मी खोटी तर चौदा वर्षांचा माझा काटाही खोटा. मी "बघा मग काय ते" असं काहीतरी पुटपुटले आणि तिथून सटकले. स्वतःचा इतका राग मला आजारपणातही आला नव्हता.

दोन दिवसांनी दळणाचा डबा पोचवायला फाट्याकडं गेले तर मामांच्या दुकानासमोर सोलापूरच्या एक डॉक्टरबाई उभ्या होत्या. चाकांची जोडी बांधून हवी होती त्यांना. मामा म्हणाले, "आता चाकं बांधत न्हाय मॅडम. हवा भरायची आसंल, पंक्चर आसंल तर सांगा." बाई दोनदा विनवून गेल्या. मी पुढं झाले तर दुकानाबाहेर भंगाराचा ढीग लावलेला, वाकलेली मडगार्डं, गंजलेल्या साखळ्या, आणि सगळ्यात वर तो उलट्या फोर्कचा स्टँड.

"ह्यो कशाला भाईर काढलाय?"

"सोमवारी भंगारवाला येतोय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "डोळं गेलं वाटतंय. न्हायतर बोटाला ताण कळंना झालाय. सहासष्ट किलोला अठ्ठावीस तारा तुटत न्हायत, अक्का. चाळीस वर्सांत न्हाय तुटल्या. माझाच हात गेला."

त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवायला बसले. बाकावर तेच तिघं होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "वय झालं आता." मला त्याच्या डोक्यात डबा घालावासा वाटला. आणि खरं तर माझ्या स्वतःच्या.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. कानात जाऊन हळूच आकडा सांगणं सोपं होतं, पण मामांचा हात गेला हे बाकाला कळलं होतं, फाट्याला कळलं होतं, उद्या सोलापूरला कळलं असतं. ते काय कानातल्या कुजबुजीनं फिरणार होतं? मी आईला फोन लावला.

"आई, तुला येत्या रविवारी जमंल का गं? नवस फेडू."

आई म्हणाली, "गुडघा?"

"बरा हाय."

"ऊन?"

"आई, थंडी चाललीय."

"म्या कवाची तयार हाय," ती म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून शेजारणीला हाक मारायला गेली.

मग मी मामांकडं गेले. "रविवारी तुळजापूरला यायचं. माझी गूळतुला हाय. चाक घालून द्या, मी सायकलीवर जाणार. आन् तारा का तुटत्यात, त्ये तिथं कळंल तुमाला."

"देवीला इचारणार व्हय?"

"काट्याला."

मामांना काही उमगलं नाही. पण बोलावणं मोडायचं नाही म्हणून त्यांनी मागचं चाक पुन्हा अठ्ठावीस तारांवर बांधलं. "ह्ये माझं शेवटचं," असं तेवढं म्हणाले.

रविवारी सकाळी सातला मी निघाले. मागून मामा जुन्या मोपेडवर, डोक्याला मफलर. हे आणि हर्षाली गाडीनं पुढं गेले होते. पाणंदीपर्यंत चाक गुणी होतं. घाट लागला तशी मी सीटवरून उठून पायडलवर जोर दिला आणि मागून टिंग झालं. दोन वळणं गेली, परत टिंग. मग टायर फ्रेमला घासायला लागलं आणि सायकल जागेवरच अडली.

मोपेड माझ्या शेजारी येऊन थांबली. मामांचा चेहरा बघवत नव्हता.

"उतरा अक्का. सायकल ठिवा हितं, गाडीवर बसा. माझ्यापायी तुमचा नवस ऱ्हायला."

"नवस माझ्या पायावर यायचा हाय, मामा. तुमी व्हा पुढं."

मी मागचं चाक उचलून धरत चालायला लागले. मागं बघितलं तर मामाही मोपेड बंद करून ढकलत माझ्यामागून चढत होते. बाई पायी चालतेय आणि आपण गाडीवर बसायचं, हे त्यांना पटत नव्हतं. असे आम्ही दोघं, एकाची सायकल धड नाही आणि दुसऱ्याची धड मोपेड असून उपयोग नाही, घामाघूम होत वर आलो. यात्रेकरूंच्या बसमधली माणसं खिडकीतून हात करत होती.

माझ्या माहेरचे पुजारी विष्णुपंत यांचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत आहे. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडंच उतरतात. अंगणात लोखंडी दांडीला मोठा तराजू टांगलेला होता, दोन लाकडी फळ्या दोरखंडानं बांधलेल्या. ईटहून जीपभर माणसं आली होती. आणि मध्ये माझी आई, हिरवं लुगडं नेसलेली, एवढीशी. मी सायकल ढकलत आत आलेली बघून ती पंतांना म्हणाली, "बघा, पायावर आली का न्हाय?"

पंत म्हणाले, "सायकलवर आली असती तरी चाललं असतं. पायडल काय हातानं मारतात?"

भिंतीशी ढेपा रचून ठेवल्या होत्या. दहा किलोच्या नऊ, आणि शेजारी किलोकिलोच्या दहा. मी आईला वजनाचा आकडा कधीही सांगितला नव्हता. तिनं डोळ्यानंच मोजून नव्वदच्या वर गूळ आणला होता.

मी पारड्यात बसले. पारडं दाणकन खाली गेलं, दोरखंड करकरला आणि हर्षालीनं मोबाइल वर धरला. पंतांनी ढेपा ठेवायला सुरुवात केली. मामा खांबाला टेकून उभे होते, माझं मागचं चाक सायकलीतून काढून हातात घेतलं होतं आणि तुटलेल्या तारांशी चाळा करत होते.

"एक," पंत म्हणाले. "दोन. तीन."

सहा झाल्या. साठ किलो. माझं पारडं जमिनीवरच.

"होत आलं," पंत म्हणाले आणि सातवी ठेवली. सत्तर. पारडं हललं नाही. मामांचा चाळा थांबला. त्यांनी मान वर केली.

आठवी ठेवली. ऐंशी. माझे पाय जमिनीवरून थोडे उचलले गेले आणि परत टेकले. माझे कान तापले होते. तेवढ्यात मी मामांकडं बघितलं, आणि मला काही भलतंच दिसलं. त्यांचे ओठ हलत होते. हिशोब चालला होता त्यांचा, तारा आणि किलो, किलो आणि तारा, आणि प्रत्येक ढेपेसरशी त्यांचा चेहरा उजळत चालला होता. दुसऱ्या बाजूला आई. तिचंही तेच. मी लाजेनं लाल होत होते आणि ही दोन माणसं गुलालात न्हाल्यासारखी फुलत होती.

"एक्क्याऐंशी," पंत म्हणाले. किलोची ढेप. "ब्याऐंशी. त्र्याऐंशी."

चौथी ढेप ठेवली आणि दांडी आडवी झाली. दोन्ही पारडी समोरासमोर. आणि मामा ओरडले, "चौऱ्याऐंशी! अक्का, चौऱ्याऐंशी!" चाक डोक्यावर धरून. "पंत, माझा हात गेला न्हाय! चौऱ्याऐंशी हाय ती!"

ईटच्या माणसांना काही कळेना. एका अनोळखी म्हाताऱ्याला आपल्या लेकीच्या वजनाचा इतका आनंद का झाला, म्हणून सगळे त्यांच्याकडं बघत होते. देवाच्या कामात दांडी अगदी समान ठेवत नाहीत, म्हणून पंतांनी वर आणखी एक ढेप टाकायला घेतली, तशी मी पारड्यातून ओरडले, "ती माझ्यात धरू नका!" आणि मग सगळं अंगण हसलं. मीही हसले. दुसरं काय करणार?

आई नाही हसली. ती तराजूपाशी आली, त्या गुळाच्या राशीवर हात ठेवला आणि पंतांना म्हणाली, "पंत, बेचाळीस किलो व्हती ही. दवाखान्यातल्या काट्यावर म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. न्हाणीत उचलून न्यायची म्या हिला. म्या! माझ्या अंगात काय जीव हाय? तरी उचलली जायची. लई हलकी झाली व्हती वो." तिनं माझ्या गालाला हात लावला, गुळानं चिकट झालेला. "दुप्पट केली बघा देवीनं. मला तर पेलायची न्हाय आता."

मला रडू फुटलं. पारड्यात बसून रडायचं म्हणजे तराजू हलतो, तो हलला. जो आकडा मी दोन वर्षं शटरमागं लपवत होते, तो आकडा माझी आई दर पौर्णिमेला देवीकडं मागत होती आणि मी तिला पुढच्या महिन्याचा वायदा देत होते. मला माझी इतकी लाज वाटली आणि आईबद्दल इतकं प्रेम वाटलं की दोन्ही एकदमच बाहेर आलं.

गूळ वाटून झाला. मामा पायरीवर चाक घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, मी खोटं बोलले. चुकलं माझं."

आता त्यांचा आनंद ओसरला होता आणि राग आला होता. यायलाच हवा होता. "तीन आठवडं मला झोप न्हाय, अक्का," ते म्हणाले. "रोज रातच्याला हात बघायचो. बायको म्हणली, डाक्टरला दाखवा." त्यांनी तुटलेली एक तार ओढून बाजूला ठेवली. "काटा तुमचा, म्हणून म्या माझ्यावर शंका घेतली. तुमच्यावर न्हाय."

मी जवळची किलोची ढेप उचलून त्यांच्या हातात दिली. "दंड."

"एक?"

मी आणखी एक दिली. त्यांनी दोन्ही मोपेडच्या पिशवीत टाकल्या, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

"स्टँड उद्या भंगारवाला न्येईल," मी म्हणाले.

"न्हाय न्येत. माझा फोन झाला त्याला, तुमी रडत व्हता तवा." मग त्यांनी पायरीवरच चाकाचं टायर सोडवलं, रिमपट्टी नखानं उचकटली आणि रिम माझ्यापुढं धरला. आत पेन्सिलनं लिहिलेलं होतं, सोनाली, आणि त्यापुढं ६६.

"छत्तीस तारांचं बांधतो. जाड. दुधवाल्याच्या सायकलीवानी दिसंल, चालंल का?"

"चालंल."

"रस्ता तोच?"

"तोच. घाटासकट."

"वझं?"

मी आईकडं बघितलं. ती अंगणात कुणालातरी अजून बेचाळीस आणि चौऱ्याऐंशीचा हिशोब समजावत होती. "मागं बसायला क्यारेज लावा मजबूत," मी म्हणाले. "अडतीस किलोची म्हातारी हाय. ईटच्या बाजारातनं सायकलीवर फिरवायची हाय तिला."

मामांनी मान डोलावली. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. मला वाटलं, आता विचारतील, वजन किती, आणि मी अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची तयारीही केली. पण त्यांनी विचारलं नाही. पेन्सिल माझ्यापुढं धरली.

"तुमीच लिवा," ते म्हणाले. "काटा तुमचा हाय."